वॉरिकच्या लेकी : मृत्युपत्रांतून उलगडणारा एका घराण्याचा इतिहास

कोणत्याही जुन्या घराण्याची वंशावळ उघडून पाहावी. मुलग्यांची नावे, त्यांचे जन्म, त्यांच्या लढाया, त्यांचे मृत्यू असे सारे तिथे ओळीने मांडलेले असते. मुलींच्या वाट्याला मात्र एखादे नाव येते; पुष्कळदा नावही नसते, केवळ ‘एक कन्या’ एवढीच नोंद असते. माहेरच्या कागदांतून लग्नानंतर तिचे नाव पुसले जाते आणि सासरच्या कागदांत ती कुणाची तरी पत्नी म्हणून अवतरते. या दोन कागदांमधली दरी ओलांडणे हे इतिहासाच्या अभ्यासकापुढचे मोठे कठीण काम होय.

आपल्याला आज या गोष्टीचे आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याची नोंदवही असते, विवाहाची असते, दफनाची असते. मुलगा असो वा मुलगी, आईबापांच्या नावांसह नोंद होतेच. परंतु बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या ख्रिस्तसभेत सर्वत्र बंधनकारक झाल्या त्या १५६३ साली, ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या निर्णयाने. इंग्लंडात त्या थोड्या आधी, १५३८ मध्ये, राजाज्ञेने सुरू झाल्या. त्यापूर्वीच्या काळातील मुलींचा शोध कोठे घ्यावा? राजदरबारी जमीनदाराच्या मृत्यूनंतर चौकशी होई आणि तिचे कागद तयार होत; पण ती चौकशी जमिनीच्या वारसाची असे. मुलगा हयात असेल तर त्याच्या बहिणींची नावे लिहिण्याचे कारणच पडत नसे. अशा वेळी एक साधन हाताशी येते, ते म्हणजे मृत्युपत्र. मरणाच्या छायेत बसलेला बाप आपल्या लेकींची आठवण काढतो आणि त्याच्या त्या आठवणीमुळे सातशे वर्षांनंतर आपल्याला त्या लेकी भेटतात.

या लेखात अशा एका घराण्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. हे घराणे म्हणजे इंग्लंडमधील वॉरिकचे अर्ल, आडनाव बीचम. नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या या आडनावाचा मूळ अर्थ ‘सुंदर शेत’ असा होतो. वूस्टरजवळच्या एल्म्ली येथील हे सरदार १२६८ साली वॉरिकचे अर्ल झाले आणि पुढे पावणेदोनशे वर्षे इंग्लंडच्या अग्रगण्य घराण्यांत गणले गेले. या घराण्याची मृत्युपत्रे एकामागून एक अशी टिकून राहिली आहेत. त्यांचे सारांश सतराव्या शतकातील थोर संशोधक विल्यम डगडेल याने आपल्या ग्रंथांत नोंदवून ठेवले. त्यांच्या आधारे पिढी दर पिढी लेकींचा माग काढता येतो.

मृत्युपत्र म्हणजे काय?

मध्ययुगीन इंग्लंडमधील मृत्युपत्राचे स्वरूप आधी ध्यानी घेतले पाहिजे. आजच्याप्रमाणे ते केवळ मालमत्तेच्या वाटणीचे कागद नव्हते. ते प्रथम आत्म्याच्या तारणाचे कागद होते. आरंभी मनुष्य आपला आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवी, मग आपला देह कुठे पुरावा ते सांगे, मग मिस्सांसाठी, मठांसाठी, गोरगरिबांसाठी दाने नेमून देई आणि त्यानंतर घरच्या माणसांकडे वळे. मृत्युपत्रांवर अधिकार ख्रिस्तसभेच्या न्यायालयांचा असे. म्हणूनच त्यांपैकी पुष्कळशी बिशपांच्या दप्तरांत उतरवून ठेवलेली सापडतात.

दुसरी गोष्ट अशी की, जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्यात नव्हती. ती १५४० च्या कायद्याने मिळाली. काही शहरांत निराळी वहिवाट होती आणि पुढच्या काळात विश्वस्तांमार्फत पळवाट काढली गेली. परंतु मुख्य नियम असा की, जमीन वारसाकडे आपोआप जाई आणि मृत्युपत्रात उरत त्या जंगम वस्तू. पैसा, भांडी, अंगठ्या, बिछाने, वस्त्रे, पुस्तके, चिलखते. मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. जमिनीच्या कागदांत त्यांना स्थान नव्हते. पण चांदीचा पेला लेकीला द्यावयाचा तर तिचा उल्लेख करणे भाग होते.

तिसरी गोष्ट, मृत्युपत्र कोण करी? नवऱ्याच्या संमतीवाचून विवाहित स्त्रीला मृत्युपत्र करता येत नसे. विधवेला मात्र ते स्वातंत्र्य होते. म्हणून बापांची आणि विधवा आयांची मृत्युपत्रे आपल्याला मिळतात. ज्या स्त्रिया नवऱ्याच्या आधी गेल्या, त्यांचा आवाज बहुधा कायमचा हरपलेला असतो.

पहिले मृत्युपत्र : एल्म्लीचा विल्यम

या घराण्याचे पहिले महत्त्वाचे मृत्युपत्र एल्म्लीच्या विल्यम बीचमचे होय. ते वूस्टरचे बिशप गॉडफ्री गिफर्ड यांच्या दप्तरात सापडते. त्यावर ‘प्रकटीकरणाच्या सणाचा दुसरा दिवस, १२६८’ अशी तारीख आहे. प्रकटीकरणाचा सण ६ जानेवारीस येतो, म्हणजे ही तारीख ७ जानेवारी झाली. पण साल कोणते? त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष १ जानेवारीस नव्हे, तर २५ मार्चला, पवित्र मरियेला देवदूताने निरोप दिल्याच्या सणाला सुरू होई. तेव्हा त्यांचा जानेवारी १२६८ म्हणजे आपला जानेवारी १२६९. याची खूण मृत्युपत्रातच आहे. विल्यमची पत्नी इझाबेला ही वॉरिकचा अर्ल विल्यम मॉडुट याची बहीण. हा मॉडुट जानेवारी १२६८ मध्ये निपुत्रिक मरण पावला आणि त्याची गादी भाच्याकडे, म्हणजे आपल्या विल्यमच्या थोरल्या मुलाकडे आली. मृत्युपत्रात हा मुलगा अर्ल म्हणून येतो. मामाचा मृत्यू ज्या महिन्यात झाला त्याच महिन्याच्या ७ तारखेस भाचा अर्ल म्हणून मिरवीत असणे संभवत नाही. अर्थात हा कागद त्यानंतरच्या जानेवारीतला असला पाहिजे.

आता या मृत्युपत्रातील लेकी पाहू. जोन नावाच्या लेकीला बापाने संत वुल्फस्टन यांचा म्हणून मानला जाणारा एक चांदवा आणि लॅन्सलॉटच्या कथेचे एक पुस्तक ठेवले. संत वुल्फस्टन हे अकराव्या शतकातले वूस्टरचे बिशप. त्यांच्या स्मृतीचे वस्त्र म्हणजे घरातील अत्यंत मोलाची ठेव. त्याच्या जोडीला शूर सरदारांच्या प्रेमकथांचे पुस्तक! इझाबेला या लेकीला चांदीचा पेला. सिबिल हिला लग्नासाठी येणे असलेले पैसे आणि वर ४० मार्क, शिवाय बापाने स्वतः विकत घेतलेल्या एका जमिनीचा उपभोग. पण तो केवळ विवाह होईपर्यंत, पुढे नाही. सारा हिला लग्नासाठी १०० मार्क. मार्क हे नाणे नव्हते, हिशेबाचे एकक होते; एक मार्क म्हणजे दोनतृतीयांश पौंड. तेव्हा साराच्या लग्नाची तरतूद सुमारे ६७ पौंडांची झाली.

या चार ओळींतून काय कळते? सिबिल आणि सारा यांच्या पुढे ‘विवाहासाठी’ हा शब्द आहे. त्या अद्याप अविवाहित होत्या. जोन आणि इझाबेला यांच्यापुढे तो नाही; त्यांना पैसा नव्हे, तर स्मृतिचिन्हे मिळाली. त्यांची लग्ने होऊन गेली असावीत आणि त्यांचा वाटा आधीच दिला गेला असावा. आणखी पुढे पाहिले तर मृत्युपत्रात बार्थोलोम्यू सडली नावाच्या सरदाराला एक अंगठी मिळते आणि तो मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपैकी एक आहे. सारांशात त्याचे नाते सांगितलेले नाही. पण इतर कागदांवरून कळते की तो जोनचा नवरा, म्हणजे जावई. जावयावर सासऱ्याचा विश्वास किती होता हे या नेमणुकीवरून दिसते. सारा हिचे लग्न पुढे रिचर्ड टॉलबट याच्याशी झाले. श्रूजबरीचे प्रसिद्ध अर्ल हे तिचे वंशज होत.

याच कागदात बापाने वॉल्टर नावाच्या मुलाला २०० मार्क ठेवले. हा वॉल्टर क्रूसाचे चिन्ह धारण केलेला, म्हणजे पवित्र भूमीला जाण्याचे व्रत घेतलेला होता. बापासाठी आणि आई इझाबेलासाठी त्याने ती यात्रा करावयाची होती. एका मुलाच्या यात्रेसाठी २०० मार्क आणि एका मुलीच्या संसारासाठी १०० मार्क! त्या काळच्या मनाचा हिशेब इथे आपल्याला आकड्यांत वाचावयास मिळतो. तरी बापाचा हात आखडता होता असे म्हणवत नाही. वूस्टर परिसरातील प्रत्येक एकांतवासी तपस्व्याला त्याने चार शिलिंग दिले. कुकहिल येथील धर्मभगिनींना दहा मार्क दिले. आणि सॉल्वार्पच्या देवळाला एक घर व बाग दिली, ती अखंड दिव्यासाठी. तो दिवा परमेश्वर, पवित्र मरिया, संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांच्या सन्मानार्थ तेवत राहावयाचा होता. चार-चार लेकींच्या या बापाने दिव्यासाठी निवडलेले संत सर्व स्त्रिया आहेत, ही गोष्ट मनात राहते.

नावे नसलेल्या दोन लेकी

आता पुढची पिढी. अर्ल झालेल्या विल्यमने १४ सप्टेंबर १२९६ रोजी, पवित्र क्रूसाच्या सणाच्या दिवशी मृत्युपत्र केले. आपला देह वूस्टरच्या फ्रान्सिस्कन बंधूंच्या देवळात पुरावा. परंतु समुद्रापलीकडे मृत्यू आला तर तिथल्या जवळच्या मठात पुरावा आणि हृदय मात्र आपली प्रिय पत्नी मॉड जिथे आपले थडगे निवडील तिथे आणून ठेवावे, अशी त्याची इच्छा होती. पत्नीला त्याने प्रभूच्या खऱ्या क्रूसाचा अंश असलेला क्रूस दिला, थोरला मुलगा गाय याला माणकाची अंगठी आणि आशीर्वाद दिला. आणि लेकी? सारांशात लेकी म्हणून उल्लेख येतो तो एका ओळीपुरता. शोल्डम येथे धर्मभगिनी असलेल्या दोघी लेकींना ५० मार्क. नावे नाहीत! नंतरच्या वंशावळींत त्यांची नावे ॲन आणि एमी अशी दिली आहेत.

शोल्डम हे गाव नॉरफोकमध्ये आहे, वॉरिकहून पुष्कळ दूर. एवढ्या दूरच्या मठात मुलींना का पाठवले असेल? उत्तर आईच्या माहेरी सापडते. आई मॉड ही जॉन फिट्झजेफ्री याची कन्या आणि शोल्डमच्या मठाचा संस्थापक जेफ्री फिट्झपीटर हा तिचा आजा. म्हणजे मुली आईच्या पणजोबांनी नव्हे, तर स्वतःच्या पणजोबांनी उभारलेल्या मठात गेल्या होत्या. एका अर्थाने तेही आजोळच. हा मठ संत गिल्बर्ट यांच्या संघाचा. इंग्लंडच्या भूमीत जन्मलेला तो एकमेव संन्यस्त संघ. त्याच्या अनेक मठांत धर्मभगिनी आणि धर्मबंधू एकाच आवारात, पण अलग राहून, उपासना करीत. बापाचे आडनाव बीचम असले तरी या दोन मुलींच्या आयुष्याची वाट आईच्या घराण्याने आखली होती. वंशावळीचा वृक्ष केवळ बापाकडून काढणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

या मृत्युपत्राची दुसरी शिकवण त्यात काय नाही यावरून मिळते. या अर्लला इझाबेला नावाची आणखी एक लेक होती. तिचे पहिले लग्न पॅट्रिक चावर्थशी झाले. तो १२८३ मध्ये वारला. मग तिने ह्यू डिस्पेन्सर याच्याशी राजाच्या परवानगीवाचून विवाह केला आणि त्याबद्दल नवऱ्याला २००० मार्क दंड झाला. सारांशात तिचे नाव नाही. पण याच इझाबेलाची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी मॉड लँकेस्टरच्या घरात पडली आणि तिच्या वंशात १३९९ साली गादीवर बसलेला राजा चौथा हेन्री जन्मला. दुसऱ्या नवऱ्यापासूनचा मुलगा धाकटा ह्यू डिस्पेन्सर हा दुसऱ्या एडवर्ड राजाचा कुप्रसिद्ध मर्जीतला माणूस. तो १३२६ मध्ये फासावर गेला. इतिहासावर सर्वांत खोल ठसा उमटवणारी लेक बापाच्या मृत्युपत्रात दिसत नाही! याचा अर्थ बापलेकीत वितुष्ट होते असा लगेच काढू नये. लग्नात वाटा मिळालेल्या मुलीला मृत्युपत्रात पुन्हा काही ठेवावे असा नियम नव्हता. मृत्युपत्रात नाव असणे हा पुरावा असतो. नाव नसणे हा पुरावा नसतो. हे सूत्र संशोधकाने गाठीला बांधून ठेवले पाहिजे.

दोन की पाच?

मात्र याच सूत्राला एक अपवादही याच घराण्यात सापडतो. माणकाची अंगठी मिळालेला गाय बीचम याने सोमवार, २८ जुलै १३१५ रोजी वॉरिकच्या किल्ल्यात मृत्युपत्र केले आणि दोन आठवड्यांनी तो वारला. पत्नी ॲलिसला त्याने भांडी, स्फटिकाचा पेला, निम्मे बिछाने आणि प्रार्थनामंदिरातील वस्त्रे व पुस्तके दिली. मुलगा थॉमस याला उत्तम चिलखत व शिरस्त्राण, धाकट्या जॉनला दुसऱ्या प्रतीचे चिलखत. उरलेले निम्मे बिछाने, अंगठ्या आणि दागिने ‘आपल्या दोन लेकींना’. याही वेळी नावे नाहीत.

नंतरच्या वंशावळी मात्र गायच्या पाच लेकी सांगतात : मॉड, एमा, इझाबेला, एलिझाबेथ आणि ल्युसी. दोन खऱ्या की पाच? इथे साधा हिशेब करून पाहावा. गाय आणि ॲलिस यांचा विवाह १३१० च्या प्रारंभी झाला. गाय १३१५ च्या ऑगस्टमध्ये वारला. म्हणजे साडेपाच वर्षांचा संसार. एवढ्या काळात दोन मुलगे आणि पाच मुली, अशी सात अपत्ये होणे अगदी अशक्य नसले तरी फार कठीण. शिवाय इथे ‘लग्न होऊन वाटा मिळाला म्हणून वगळले’ हे उत्तरही चालत नाही. कारण सर्वांत थोरल्या मुलीचे वय पाचाच्या पुढे नसणार. बाप मरणाच्या दारात आहे, घरात सगळी तान्ही पोरे आहेत आणि तो ‘दोन लेकी’ म्हणतो. त्यानंतर एखादी मुलगी जन्मली असेल असे फार तर मानता येईल. उरलेल्या नावांचा शोध मात्र दुसऱ्या पिढीत किंवा दुसऱ्या शाखेत घेतला पाहिजे. एका मरणाऱ्या बापाचे दोन शब्द नंतरच्या विद्वानांच्या संपूर्ण यादीला प्रश्न विचारतात; मृत्युपत्राचे बळ असे आहे.

संन्यास की सोय?

गायचा मुलगा थॉमस हा तिसऱ्या एडवर्ड राजाचा मोठा सेनानी. त्याची पत्नी कॅथरिन मॉर्टिमर. तिचा मृत्यू ऑगस्ट १३६९ मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात, ६ सप्टेंबरला थॉमसने मृत्युपत्र केले आणि १३ नोव्हेंबरला कॅले येथे प्लेगने तो वारला. आपण ज्यांच्यावर अन्याय केला असेल त्या प्रत्येकाची भरपाई करावी आणि विसरलेल्या दशांशाबद्दल आपल्या जहागिरीतील प्रत्येक देवळाला उत्तम जनावर द्यावे, असे त्याने लिहून ठेवले. या दांपत्याचे थडगे वॉरिकच्या पवित्र मरियेच्या देवळात आहे. पतिपत्नी हातात हात घेऊन निजलेली आहेत आणि थडग्याभोवती शोकमग्न आप्तांच्या ३६ लहान मूर्ती आहेत. या देवळाच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर त्यांच्या मुलामुलींच्या आकृती होत्या. १६९४ च्या मोठ्या आगीत वॉरिक शहर आणि देवळाचा बराचसा भाग जळाला. पण त्याआधी, १६५६ मध्ये, डगडेलने आपल्या ग्रंथात त्या चित्रांची नोंद करून ठेवली होती. लेकींच्या अंगावरील झग्यांवर माहेरची आणि सासरची चिन्हे होती. लेक कोणत्या घरी पडली ते नावापेक्षा त्या चिन्हांवरून ओळखू येते.

थॉमसच्या लेकींपैकी मॉड क्लिफर्ड घराण्यात गेली, फिलिपा स्टॅफर्डच्या अर्लची पत्नी झाली, जोन बॅसट घराण्यात पडली. इझाबेला ही सफोकचा अर्ल विल्यम अफर्ड याची पत्नी. तो १३८२ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे संसदेच्या कामकाजाच्या वेळी एकाएकी कोसळून वारला. इझाबेलाने थोड्याच दिवसांत आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. ती मठवासी झाली नाही. आपल्या घरी राहून व्रतस्थ विधवा म्हणून जगली आणि चौतीस वर्षांनी, १४१६ मध्ये, स्वतःचे मृत्युपत्र करून गेली. मार्गारेट ही आणखी एक लेक. नवरा गाय द माँटफर्ड वारल्यावर ती धर्मभगिनी झाली, तीही शोल्डमच्याच मठात.

शोल्डमला याच काळात आणखी एक बीचम मुलगी होती. तिची कथा वाचताना मन अस्वस्थ होते. थॉमसचा थोरला मुलगा गाय हा १३६० मध्ये फ्रान्समध्ये वारला. त्याला मुलगा नव्हता, मुली होत्या. नेहमीच्या कायद्याने थोरल्या मुलाच्या मुली आजोबांच्या वारस झाल्या असत्या. परंतु आजोबांनी जमिनी पुरुष वारसांकडेच जाव्यात अशी तजवीज करून ठेवली होती. अर्लपद धाकट्या काकाकडे, म्हणजे दुसऱ्या थॉमसकडे गेले. नातींपैकी एलिझाबेथ लहान वयात वारली आणि कॅथरिन शोल्डमची धर्मभगिनी झाली.

त्या काळच्या कायद्याने व्रतबद्ध धर्मभगिनी जगाला मृत समजली जाई. तिला वारसा मागता येत नसे. तेव्हा प्रश्न उभा राहतो की, कॅथरिनला परमेश्वराने बोलावले होते की आजोबांनी पाठवले होते? आपण ख्रिस्ती वाचकांनी हा प्रश्न टाळू नये. संन्यस्त जीवन हे स्वेच्छेचे दान असते अशी आपली श्रद्धा आहे. ट्रेंटच्या परिषदेने मुलींना बळजबरीने मठात घालणाऱ्यांवर बहिष्काराची शिक्षा ठेवली, यावरूनच असे प्रकार घडत होते हे उघड आहे. त्याचबरोबर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शोल्डममध्ये कॅथरिन परकी नव्हती. तिच्या घराण्यातील स्त्रिया तीनचार पिढ्या तिथे राहिल्या होत्या. आत्या मार्गारेट आपण होऊन, संसार पाहून झाल्यावर तिथे गेली होती. जमिनीच्या दृष्टीने जी सोय होती, तीच त्या मुलीच्या दृष्टीने कृपा ठरली असेल. तिच्या अंतःकरणातले कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. इतिहासकाराने कागद जिथे संपतो तिथे थांबावे आणि उरलेले परमेश्वराच्या न्यायावर सोपवावे, हेच योग्य.

बापाच्या पायाशी

शेवटचा मोठा बीचम म्हणजे अर्ल रिचर्ड. तो १४३९ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे वारला. त्याच्या पहिल्या पत्नीपासून तीन लेकी : मार्गारेट, एलिनोर आणि एलिझाबेथ. दुसरी पत्नी इझाबेला डिस्पेन्सर हिच्यापासून मुलगा हेन्री आणि लेक ॲन. हेन्री १४४६ मध्ये वारला आणि त्याची चिमुरडी मुलगी १४४९ मध्ये वारली. आता घराण्यात फक्त लेकी उरल्या. वारसा कुणाचा? कायद्याचा नियम असा की, सख्खे रक्त आधी, सावत्र मागे. ॲन ही हेन्रीची सख्खी बहीण म्हणून अर्लपद आणि मोठी दौलत तिच्याकडे, पर्यायाने तिचा नवरा रिचर्ड नेव्हिल याच्याकडे गेली. इतिहासात ‘राजे घडवणारा’ म्हणून गाजलेला वॉरिक तो हाच. तिघी थोरल्या सावत्र बहिणींनी आपला हक्क मागितला. भांडण वर्षानुवर्षे चालले. मुख्य वारसा त्यांच्या हाती आला नाही.

यांपैकी एलिझाबेथ ही लॅटिमरच्या जॉर्ज नेव्हिलची पत्नी. तिच्या नशिबी दुःखच फार. नवरा वेडा झाला आणि १४६९ मध्ये वारला. त्याच वर्षी एजकोटच्या लढाईत तिचा मुलगा हेन्री आणि जावई ऑलिव्हर डडली हे दोघेही मारले गेले. लेक कॅथरिन विधवा झाली. एलिझाबेथने २८ सप्टेंबर १४८० रोजी आपले मृत्युपत्र केले. त्यात तिने आपला देह कुठे पुरावा ते सांगितले आहे : वॉरिकच्या देवळातील पवित्र मरियेच्या नव्या प्रार्थनामंदिरात, मुलगा हेन्री आणि जावई ऑलिव्हर यांच्या मध्ये.

हे प्रार्थनामंदिर तिच्या बापाच्या थडग्यासाठी बांधलेले होते. मधोमध अर्ल रिचर्डची सोन्याचा मुलामा दिलेली पितळी मूर्ती आहे आणि भोवती आप्तांच्या चौदा लहान मूर्ती. त्यांत एलिझाबेथही आहे. कायद्याने तिला बापाच्या किल्ल्यात जागा दिली नाही. तिने मृत्युपत्राच्या एका ओळीने बापाच्या पायाशी आपली जागा मागून घेतली आणि आपल्या मेलेल्या मुलाला व जावयाला सोबत घेतले. जमीन तिला देता येत नव्हती. पण आपला देह कुठे विसावा घेईल हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक ख्रिस्ती माणसाला होता आणि तो तिने वापरला.

काय शिकावे?

दोन शतकांच्या या प्रवासातून काही गोष्टी हाती लागतात. लेकीचा शोध घेताना बापाच्या मृत्युपत्रावर थांबू नये; तिच्या आईचे माहेर पाहावे, नवऱ्याच्या घरचे कागद पाहावेत, जावयाला मिळालेली अंगठी पाहावी. ‘माझी लेक’ असे शब्द आले तरी ती सून असू शकते, कारण जुन्या कागदांत सुनेलाही लेक म्हणत. तेव्हा दुसरा पुरावा मिळेपर्यंत घाई करू नये. लग्नासाठी ठेवलेला पैसा म्हणजे मुलगी अविवाहित. स्मृतिचिन्ह म्हणजे बहुधा संसारात पडलेली. मठाला दिलेले दान दिसले तर त्या मठात कुणी आपले माणूस होते काय, हे विचारावे. तारीख वाचताना सणांचे पंचांग आणि वर्षारंभाचा दिवस ध्यानात ठेवावा. आणि एखादे नाव दिसले नाही म्हणून ती व्यक्ती नव्हतीच, असे समजू नये.

परंतु याहून मोठी गोष्ट निराळी आहे. या सरदारांनी लढाया केल्या, किल्ले बांधले, राजांना आव्हान दिले. शोल्डमचा मठ १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने मोडला गेला. वूस्टरचे फ्रान्सिस्कन देऊळही त्याच लाटेत गेले. टिकून राहिले ते कागदाचे काही तुकडे, ज्यांत चांदीचा पेला आहे, लॅन्सलॉटचे पुस्तक आहे, निम्मे बिछाने आहेत, पन्नास मार्क आहेत. ज्या दोघी धर्मभगिनींची नावेही बापाने लिहिली नाहीत, त्या रोजच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेत असतील. परमेश्वराच्या पुस्तकात मात्र एकही नाव गाळलेले नसते, अशी आपली श्रद्धा आहे. माणसांच्या पुस्तकांत ती उणीव शक्य तितकी भरून काढणे हे इतिहासाचे काम होय.